आधी पाणी बघा, मग रोप लावा

जुन्या घराच्या मागच्या दारी उभं राहावं आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघावं. त्या पाण्याच्या वाटेवर अळू माजलेलं असतं, जरा पुढे हळदीचा वाफा, त्याच्या पलीकडे केळी. भांडी घासायच्या दगडाशी माका आपसूक उगवतो, कारण त्याला सततची ओल लागते. दिवसभर ऊन असलेल्या पुढच्या अंगणात तुळस, स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, वईला अडुळसा. कोकणात आणि देशावर झाडं थोडी बदलतात, पण आखणीमागचा विचार तोच असतो. कुणी कागदावर नकाशा काढलेला नसतो, तरी प्रत्येक झाड तिथेच का, याला कारण असतं.

गावाकडे परतून घर बांधणारी मंडळी हल्ली नेमकी हीच गोष्ट विसरतात. पहिल्या पावसाआधी नर्सरीतून औषधी रोपं येतात, एका रांगेत शोभेसाठी लागतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी गेलेली असतात. मग ‘आमची मातीच चांगली नाही’ असं ठरतं. मातीचा दोष क्वचितच असतो. काय लावायचं हा प्रश्न नंतरचा. घराच्या कोणत्या बाजूला ऊन किती वेळ टिकतं, पागोळ्या कुठे पडतात, उन्हाळ्यात ओल कुठे राहते, हे आधी बघायला हवं. शक्य असेल तर एक पावसाळा नुसता बघण्यात घालवावा.

तुळशीचंच घ्या. तिला भरपूर ऊन लागतं, नियमित पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं पाणी ती मुळीच सोसत नाही. कोकणातल्या धो धो पावसात जमिनीवरची रोपं कुजतात आणि उंच वृंदावनातली तुळस तगते. पूजेचं स्थान म्हणून बांधलेला तो ओटा पाण्याच्या निचऱ्याचीही उत्तम सोय आहे. पुढची काळजी मंजिऱ्यांची. बी धरू लागलं की झाडाची सगळी ताकद तिकडे जाते आणि पानं बारीक होतात. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर बाजूचे फुटवे जोर धरतात. एखाद-दोन मात्र झाडावरच वाळू द्याव्यात, पुढच्या वर्षीची रोपं त्यातूनच येतात.

परसातल्या पाल्याचं खरं मोल स्वयंपाकघरापासूनच्या अंतरावर ठरतं, असं माझं मत आहे. पुदिना आणि तुळस यांचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींमधल्या तेलात असतो. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि तेल हवेत उडू लागतं. म्हणून चहात तुळस शेवटी टाकून झाकण ठेवायचं, खळखळ उकळायची नाही. कढीपत्त्याचं उलट. त्याचा सुवास तेलात चांगला उतरतो, म्हणून त्याची जागा फोडणीत. पण तोही ताजाच हवा, वाळलेल्या पानात फार थोडं उरतं. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा, जे लिंबाच्या सालीतही असतं. त्याची पात चिवट असल्याने ती तुकडे करून आल्याबरोबर थोडी उकळावी लागते. हे सारे जिन्नस चूल पेटल्यावर आठवतात. पावसात छत्री उघडून पन्नास पावलं चालावं लागलं, तर कुणी जात नाही. रोज लागणारं ते दाराशी, वर्षातून चारदा लागणारं ते कुंपणाला, हा जुन्या घरांचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो.

पानओवाही दाराशीच हवा. त्याची जाड, लवदार पानं बेसनात बुडवून तळली की पावसाळी संध्याकाळची भजी तयार. कुंडी, डबा, फुटका माठ, काहीही चालतं. फांदी खोचली की जगते.

हळदीवर मात्र थोडं थांबायला हवं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास राखून ठेवलेले गड्डे मातीत जातात. श्रावणापर्यंत पानं हातभर लांब होतात आणि नेमक्या तेव्हाच नागपंचमीच्या पातोळ्या येतात. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून वाफेवर ठेवायचं. वाफेने पानातला सुगंध पिठात उतरतो. गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबंही १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला पातोळ्या करतात. पीक एक, ऋतू एक, पान एक. पानं तोडताना एका रोपाची एक-दोन बाहेरचीच घ्यावीत, कारण जमिनीतला कंद त्याच पानांवर पोसला जातो. ती पिवळी पडून वाळली की हळद काढायची, म्हणजे साधारण नऊ महिन्यांचा काळ.

याच हळदीवर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, जखम भरून काढण्याच्या गुणासाठी. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. बोट कापल्यावर आजी हळद दाबते, एवढं सांगून भागलं नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून द्यावे लागले. हळदीचे गुण कुठेतरी लिहिलेले होते म्हणून आपण वाचलो. पण कोणत्या उतारावर हळद लावावी, न्हाणीचं पाणी किती फिरवून तिच्याकडे न्यावं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. ते घरातल्या बायकांच्या हातात आहे आणि त्यांच्याकडून आजच विचारून घ्यायला हवं. त्या हिशेबात एक दुरुस्तीही लागेल: पूर्वी भांडी राखेने घासत, आता डिटर्जंट आलं. कपड्यांच्या आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी खायच्या पाल्यावर सोडू नये.

औषधाच्या झाडांबद्दल मला आस्था आहे, म्हणूनच सावधपणे लिहितो. अडुळशाला शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो वईला लावतात. त्याच्या पानातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं घडवली गेली. खोकल्याला अडुळसा देणाऱ्यांचा अनुभव पोकळ नव्हता. पण तेच द्रव्य गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. त्याच्या रसात मध घालतात. तो मध वर्षाच्या आतल्या बाळाला चालत नाही.

गुळवेलीचंही तसंच. करोनाच्या काळात घरोघर तिचा काढा झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असेल, असंही म्हटलं गेलं. वाद बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात. वेल नक्की कोणती हे जाणकाराकडून ओळखून घ्यावं, आणि महिनोन्‌महिने रोज काढा पिऊ नये. वेखंड पाण्याकाठी सुरेख वाढतं, पण त्यातल्या बीटा-असरोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. बाळगुटीत ते उगाळण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं, असं मी प्रत्येक नव्या आईला सांगेन.

रोझमेरी आणि थाईम लावण्याची हौस असेल तर तेही करावं, मात्र ती भूमध्य समुद्राकाठची झाडं आहेत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पुणे-नाशिककडे ती कुंडीत, छपराखाली पावसाळा काढतात. कोकणात बहुधा नाही.

सुरुवात करायचीच तर गवती चहापासून करावी. विकत आणायची गरज नाही. ‘काकू, तुमच्या ठोंबातलं थोडं द्याल का?’ असं शेजारी विचारलं की काम होतं. मृगाचा पाऊस पडल्यावर जुना ठोंब खणून मुळांसकट वेगळा करावा, पात अर्ध्यावर छाटावी आणि उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी हातभर अंतराने फुटवे लावावेत. पहिले तीन-चार महिने कापू नये. पुढे कापताना वीतभर बुडखा ठेवून विळ्याने कापावं, कारण पातीच्या कडा हात चिरतात. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधूनच पोकळ होऊ लागला की पुन्हा उकरून वाटून टाकावा.