मेसमधला कोफ्ता आणि कानातली बिदरी

मेसमध्ये मिळणारा कोफ्ता आणि जुन्या तलवारीच्या मुठीवरची सोनेरी नक्षी, यांचं नातं काय? तर नातं आहे आणि अगदी सख्खं आहे. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणं, ठोकणं. कुटून केलेला तो कोफ्ता. आणि पोलादावर बारीक रेघा खरवडून त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवायची, ती कोफ्तगिरी. सातारकरांनो, छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेलात, तर तलवारींच्या पात्यांइतकंच मुठींकडेही बघा.

धातूत धातू बसवायची ही इराणी हातोटी दख्खनमध्ये बहमनी काळात रुजली. पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला गेली. सांगलीकरांनो, आपलं मिरजही तेव्हा याच राज्यात होतं! बीदरच्या कारागिरांनी या कलेला स्वतःचं रूप दिलं, तीच ‘बिदरी’. पूर्वी हुक्के, सुरया, पानदान बनायचे. आता पेंडंट, कानातले, कफलिंक, अगदी पेन ड्राइव्हची कव्हरंसुद्धा बनतात.

काम कसं चालतं? जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात. कानशीने घासून तिला मोरचुदाचं पाणी लावतात. त्याने ती तात्पुरती काळपट होते आणि कोरलेली रेघ नीट दिसते. मग छिन्नीने हातानेच नक्षी कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकायची. याला म्हणतात तारकशी. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण गरम केलेल्या वस्तूवर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी मात्र पांढरीच राहते. माती योग्य आहे की नाही, हे कारागीर चक्क जिभेवर ठेवून पारखतात.

आता आपल्या खिशाचा प्रश्न. ट्रॅडिशनल डेला आपण घालतो ते ऑक्सिडाइज्ड कानातले. दिसायला तेही काळे-पांढरेच, पण बहुतेक साच्यातून निघालेले. त्यांच्यात काही वाईट नाही, फक्त ती बिदरी नव्हे. फरक कळायला बोट फिरवा. साच्यातल्या नक्षीत काळा रंग खळग्यात बसलेला असतो आणि उंचवटे चमकतात. तारकशीत चांदी खाचेत बसून काळ्या धातूच्या पातळीत आलेली असते. बोटाला सपाट लागतं, डोळ्यांना नक्षी दिसते.

बिदरीला जीआय मानांकन आहे. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण मानांकनाने आणि पुरस्काराने रोजचा घरखर्च भागत नाही. चांदी कारागिराला आधी विकत घ्यावी लागते, हाताच्या कामाचे दिवस वेगळेच. साच्यातल्या मालाच्या भावात बिदरी मागितली, तर त्याच्या पुढच्या पिढीने छिन्नी का धरावी?

म्हणून प्रदर्शनात स्टॉल दिसला की ‘कितीला?’च्या आधी ‘तारकशी आहे का?’ विचारा. वर्षात एकच पेंडंट परवडत असेल, तर एकच घ्या. पण घासाघीस करताना जरा हात आखडता घ्या!