नदी नसलेल्या भूमीतील कुंडे

मेक्सिको देशाचा नकाशा समोर ठेवून पूर्वेकडे समुद्रात शिरलेल्या युकातान द्वीपकल्पावर दृष्टी टाकली, तर एक नवल आपल्या ध्यानी येईल. त्याच्या उत्तर भागात नदीची एकही निळी रेघ दिसत नाही. पाऊस पडतो, अरण्येही आहेत. मग ते पाणी जाते तरी कोठे? आणि याच भूमीवर प्राचीन माया लोकांनी मोठमोठी नगरे वसविली, ती कोणत्या पाण्याच्या आधारावर?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर भूमीच्या पोटात दडलेले आहे. युकातानचा खडक चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्ल बनते आणि चुनखडी हळूहळू विरघळविते. हा क्रम युगानुयुगे चालला, म्हणजे खडकात भुयारे व दालने कोरली जातात. पुढे एखाद्या दालनाचे छत खचते आणि खाली नितळ पाण्याचे कुंड उघडे पडते. माया भाषेतील एका शब्दावरून स्पॅनिश लोकांनी या कुंडांना ‘सेनोटे’ म्हटले. अशी हजारो कुंडे तेथे आहेत. आपल्या दख्खनचा काळा पाषाण असा विरघळत नाही; मेघालयातील चुनखडीत मात्र याच क्रियेने लांबच लांब गुहा निर्माण झाल्या आहेत.

चिचेन इत्झा या विख्यात प्राचीन नगरीच्या नावाचा अर्थच मुळी ‘इत्झा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. तेथील पवित्र कुंड सुमारे ६० मीटर रुंद असून त्याचे कडे ताठ उभे आहेत. पर्जन्यदेव चाक् याला प्रसन्न करण्यासाठी त्यात नैवेद्य अर्पण करीत. १९०४ सालापासून त्याचा तळ उपसण्यात आला, तेव्हा सोने, हिरवा जेड पाषाण, धूप आणि माणसांची हाडेही वर आली. या कुंडात पोहण्यास मनाई आहे. प्रवाशाने ते काठावरूनच पाहावे.

पोहण्याची हौस असेल, तर जवळच असलेल्या इक किल या कुंडाकडे वळावे. दगडी जिना उतरत आपण सुमारे २६ मीटर खाली जातो. वर आकाशाची वाटोळी थाळी, काठावरून खाली लोंबणाऱ्या वेली व मुळ्या, आणि पायाशी निळेकाळे, गार पाणी. ते सुमारे ४८ मीटर खोल आहे. म्हणून पोहता येत असले तरी तरंगते जाकीट अंगात असावे. काही कुंडांतून पाण्याखालील भुयारांच्या वाटा फुटतात. त्यांत शिरणे हे केवळ शिक्षण घेतलेल्या पाणबुड्यांचेच काम होय. तेथे डोक्यावर दगडाचे छत असते. श्वास कोंडला तरी सरळ वर येता येत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी आपणांस स्नान करावयास सांगतात. अंगावरील तेल, उन्हासाठी लावलेले मलम, सुगंधी द्रव्ये सर्व धुऊन टाकावी लागतात. पोहण्यापूर्वी अंघोळ! पाहुण्याला प्रथम हसू येते. परंतु कारण ऐकले म्हणजे ते मावळते. हे कुंड म्हणजे अवघ्या प्रदेशाच्या विहिरीचे एक तोंड आहे. समुद्राच्या जड, खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा जो थर तरंगतो, तेच तेथील गावांचे व शहरांचे पिण्याचे पाणी. मातीचा थर पातळ आणि खडक सच्छिद्र. त्यामुळे वरचे सांडपाणी फारसे गाळले न जाता खाली उतरते आणि दूरवर पसरते. २०१८ साली पाणबुड्यांनी साक आक्तुन व दोस ओहोस या दोन भुयारांचा सांधा शोधून काढला, तेव्हा त्या एकत्रित जलमार्गाची लांबी सुमारे ३४७ किलोमीटर भरली. पाणी जेथवर जाते, तेथवर त्यातला मळही जातो.

या भुयारांत मानवाचा इतिहासही सांभाळला गेला आहे. हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी खूप खाली होती आणि ही दालने कोरडी होती. ओयो नेग्रो, म्हणजे ‘काळे विवर’, या खोल जागी २००७ साली पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीचा सांगाडा आढळला. ती सुमारे १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीची आहे. पुढे पाणी चढले आणि त्यानेच तिला इतकी वर्षे जतन केले.

आपल्याकडे नदीच्या पाणवठ्यावर पिण्याचे पाणी भरण्याची जागा वरच्या अंगाला आणि धुण्याची खालच्या अंगाला राखण्याची रीत जुनी आहे. युकातानच्या कुंडाला खालचे अंग नाही. पोहणाऱ्याचे आणि पिणाऱ्याचे पाणी तेथे एकच. म्हणून, वाचकहो, कधी तेथे जाण्याचा योग आला, तर मनसोक्त पोहा; मात्र आपण दुसऱ्याच्या घरच्या पाण्यात उतरत आहोत, हे भान ठेवून उतरा.