शाल-श्रीफळ एका दिवसाचे, नियम वर्षभराचा!

5 सप्टेंबर जवळ आला की रायपूरच्या शाळाशाळांतून हारतुरे, भाषणे आणि शाल-श्रीफळांची धांदल सुरू होते. समता कॉलनीतल्या घरांतून मुले बाईंसाठी शुभेच्छापत्रे रंगवू लागतात. 1962 साली डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले, तेव्हापासून त्यांचा वाढदिवस शिक्षकदिन म्हणून साजरा होतो. पण 6 सप्टेंबरचे काय? ज्या बाईंना काल आपण फुले दिली, त्यांची नेमणूक कायमची आहे की तात्पुरती? त्यांच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? शिकवण्याखेरीज आणखी कोणकोणती कामे त्यांच्या गळ्यात पडली आहेत? आपण पालक याची कधी चौकशी करतो का?

पुरस्कार मोजक्यांच्या वाट्याला येतात. नियमांतून मिळणारा मान मात्र प्रत्येक शिक्षकापर्यंत पोहोचतो, किंवा प्रत्येकापासून हिरावला जातो. छत्तीसगडमध्ये या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

मुक्तिबोधांच्या नावाने

छत्तीसगडमध्ये राज्य पातळीवर शिक्षकांना साहित्यिकांच्या नावाने स्मृती पुरस्कार दिले जातात. त्यातला एक गजानन माधव मुक्तिबोध यांच्या नावाचा आहे. हिंदी कवितेतले हे मोठे नाव मराठी घरातले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध तर मराठीतले नामवंत कवी. गजानन माधवांनी उमेदीची कितीतरी वर्षे मास्तरकीत आणि पत्रकारितेत ओढगस्तीने काढली. 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, तेव्हा कुठे थोडे स्थैर्य आले.

तेही फार टिकले नाही. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर 1962 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. हा घाव त्यांना फार लागला. 1964 मध्ये, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ज्या शिक्षकाचे पुस्तक सरकारी आदेशाने बाजूला पडले, त्याच्याच नावाने आज त्याच भूमीत शिक्षकांचा गौरव होतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जिवंतपणी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणारा नियम अधिक मोलाचा, हा धडाही त्यातून घ्यायला हवा.

निवड होते तरी कशी?

राज्य पुरस्कारांखेरीज छत्तीसगडमध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाने गौरव अलंकरणही आहे. विकासखंडासाठी ‘शिक्षादूत’, जिल्ह्यासाठी ‘ज्ञानदीप’ आणि संभागासाठी ‘शिक्षाश्री’. खेड्यातल्या शिक्षकाचे काम त्याच्याच भागात पाहिले जावे, यासाठी अशी उतरंड उपयोगी पडते.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिला जातो. पूर्वी तो दरवर्षी तीनशेहून अधिक जणांना मिळे, आणि शिफारशी खालून वर जात. साहेबांच्या मर्जीतल्याचेच नाव पुढे जाते, अशी कुजबुज तेव्हा होत असे. 2018 मध्ये पद्धत बदलली. आता शिक्षक स्वतःच संगणकावरून अर्ज भरतो. जिल्हा समिती, राज्य समिती आणि मग राष्ट्रीय पातळीवरचे परीक्षक अशा चाळण्या लागतात. त्या वर्षी 45 शिक्षक निवडले गेले. खाजगी शिकवण्या घेणारा यात बसत नाही, हे उत्तमच.

पण दोन अडचणी उरतात. एक म्हणजे, आपल्या कामाची छायाचित्रे आणि चित्रफिती जमवून स्वतःचे गुण स्वतःच सांगणे सगळ्यांना जमत नाही. मान खाली घालून वीस-पंचवीस वर्षे पाढे गिरवून घेणाऱ्या बाई अर्जच भरत नाहीत. दुसरी म्हणजे, कंत्राटी शिक्षकाला अर्ज करताच येत नाही. काम कितीही जीव ओतून केलेले असो, नेमणुकीचा कागद आडवा येतो.

शिक्षाकर्मीचा झाला शिक्षक

या कागदाची किंमत छत्तीसगडइतकी क्वचितच कुणी मोजली असेल. पंचायतींना अधिकार मिळाल्यावर, 1990 नंतरच्या दशकात अविभाजित मध्य प्रदेशात ‘शिक्षाकर्मी’ नेमले जाऊ लागले. वर्ग तेच, मुले तीच, अभ्यासक्रम तोच. पण पगार नियमित शिक्षकाच्या मानाने फारच थोडा. शिक्षण खात्याऐवजी पंचायत किंवा नगरपालिका ही त्यांची मालक. छत्तीसगड राज्य 2000 मध्ये झाले, तरी पद्धत तशीच चालू राहिली. मोर्चे निघाले, संप झाले. अखेर 1 जुलै 2018 पासून, 8 वर्षे सेवा झालेल्या लाखाहून अधिक जणांना शिक्षण खात्यात सामावून घेतले गेले. 2 वर्षे सेवा झालेल्यांचा नंबर 1 नोव्हेंबर 2020 ला लागला. तरीही पदनामापुढे ‘एल. बी.’ ही दोन अक्षरे राहिलीच. ती ‘लोकल बॉडी’ची, म्हणजे जुन्या ओळखीची खूण!

महाराष्ट्राने यावर हसण्याचे कारण नाही. तिथेही 2000 सालापासून ‘शिक्षणसेवक’ आहेतच. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढायची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये 6,000 रुपयांवरून 16,000 झाले, तेही न्यायालयाने कान टोचल्यावर.

आपली खुर्ची रिकामी का?

तुम्ही म्हणाल, सरकारी नियम, त्यात आम्ही काय करणार? करता येण्यासारखे पुष्कळ आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. मंजूर जागांपैकी 10 टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या ठेवू नयेत, आणि जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका सोडून शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामांना जुंपू नये, हेही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे बाई वर्गात नसतील, तर त्यांच्यावर चिडण्याआधी त्यांना कुठे आणि कोणी पाठवले, हे समितीने विचारावे.

समता कॉलनीतली पुष्कळ मुले खाजगी शाळांत जातात, आणि विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. पण तिथेही पालकसभा असतेच. शिक्षकांना पगार वेळेवर आणि पूर्ण मिळतो का, हा प्रश्न तिथे विचारायला काय हरकत आहे? आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंची मुले सरकारी शाळेत जात असतील, तर समितीत बसण्याचा तुम्हाला हक्क आहे, एवढे त्यांना सांगावे. कित्येक आयांना ते ठाऊकच नसते.

आणि एखाद्या बाईंनी, सरांनी तुमच्या मुलाला खरोखर घडवले असेल, तर ते कागदावर उतरवा. काय शिकवले, कसे शिकवले, मूल कसे बदलले, हे एका पानावर लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि एक प्रत शिक्षकांनाही द्या. स्वतःची तारीफ स्वतः करणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या अर्जाला हा पुरावा जोडता येईल. अर्ज नाही केला, तरी ते पान त्या जपून ठेवतील. शालीपेक्षा जास्त!