पन्नाशीच्या उंबरठ्यावरील शर्यत

नागपूरच्या दक्षिणेस बेसा नावाची वस्ती आहे. परवापरवापर्यंत ते शेतांचे व विहिरींचे एक खेडे होते. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि स्वामी समर्थांच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेपासून वाहनांची वर्दळ असते. त्याच रस्त्याने एके दिवशी सूर्योदयापूर्वी मी सायकल घेऊन निघालो असता शेजारचे एक वृद्ध गृहस्थ फिरावयास जाताना भेटले. त्यांनी मला थांबवून विचारले, “काय हो, सत्तेचाळिसाव्या वर्षी हा खटाटोप कशासाठी? मुलांच्या लग्नांचा विचार करावयाचे हे वय. आता शर्यती कसल्या धावता?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज या भाषणाच्या निमित्ताने ते द्यावे असा विचार आहे.

ज्या शर्यतीची मी तयारी करीत होतो तिला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन व्यायाम एकापाठोपाठ एक करावयाचे, आणि पाण्यात शिरल्यापासून अखेरची रेषा ओलांडीपर्यंतचा सगळा वेळ मोजावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. ओले अंग पुसून बूट चढविण्यात गेलेली मिनिटेही त्यात धरली जातात. ऑलिंपिक सामन्यांत दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धाव असते. त्याच्या बरोबर निम्मी, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर, ती ‘स्प्रिंट’. या शब्दाचा अर्थ तुफान धाव असा आहे. परंतु नवख्याने त्या नावास फसू नये. सामान्य प्रौढ माणसास ही शर्यत पुरी करण्यास दीड ते दोन तास, क्वचित त्याहूनही अधिक लागतात, आणि इतका वेळ तुफान धावणे कोणासच शक्य नाही.

हा खेळ फार जुना नव्हे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी, मिशन बे नावाच्या खाडीकाठी, जॅक जॉनस्टोन व डॉन शानाहन या दोघा हौशी धावपटूंनी ही शर्यत भरविली. तीत ४६ जण उतरले होते. त्या दिवशी आरंभ धावण्याने झाला आणि पोहणे सायकलीनंतर आले. पुढे पोहणे प्रथम हा क्रम रूढ झाला, व तोच शहाणपणाचा होय. कारण थकलेला मनुष्य रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही. २००० साली सिडनी येथे या खेळास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

व्यायामाचे वेड विदर्भास नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. तेथील मंडळींनी १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत जाऊन आपले देशी खेळ दाखविले होते. परंतु तालीम म्हटली की ती पोरवयाची, आणि लग्नानंतर ती सुटावयाचीच, अशी आपली समजूत दृढ आहे. ही समजूत अलीकडे काही माणसांनी खोटी पाडली. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, झुरिक येथील ‘आयर्नमॅन’ शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. तीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व त्यावर ४२ किलोमीटरांची धाव असते. पुढे नागपूरचे पोलीस आयुक्त झालेले रवींद्र सिंगल यांनी नाशिकला आयुक्त असताना, २०१८ मध्ये, तशीच शर्यत फ्रान्समध्ये पार पाडली; तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. आमच्याच नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका खंड सायकलीवरून बारा दिवसांच्या आत पार केला. ही थोर उदाहरणे मी आपणांस भिवविण्यासाठी देत नाही. त्यांच्या मानाने स्प्रिंट म्हणजे अंगणातली फेरी. पण ज्याला कचेरीचे दोन जिने चढताना धाप लागते, त्याला अंगणही मोठे असते, आणि मी त्यांपैकीच एक होतो.

आता प्रौढ शरीराची स्थिती काय असते ते पाहू. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा खाली येते. तिचा एक ढोबळ हिशेब असा आहे की, वयास ०.७ ने गुणून येणारी संख्या २०८ मधून वजा करावी. विसाव्या वर्षी ही मर्यादा मिनिटास सुमारे १९४ येते, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी सुमारे १७५. बैठ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची शक्ती तिशीनंतर दर दहा वर्षांस सुमारे एक दशांशाने घटते. दुखावलेला स्नायू भरून येण्यासही पूर्वीहून अधिक दिवस लागतात. ही झाली तोट्याची बाजू. जमेची बाजू अशी की, नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट पुष्कळ कमी होते, आणि बेताच्या गतीने दीर्घकाळ श्रम करण्याची शक्ती शरीर कोणत्याही वयात नव्याने शिकू शकते. मात्र शिकवणी सावकाश असली पाहिजे.

मी आषाढात आरंभ केला. शर्यत पौषात होती. पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे. रक्तदाब, रक्तातील साखर, हृदयाचा आलेख आणि चालत्या पट्ट्यावरील हृदयपरीक्षा, इतके झाल्यावाचून मी सायकलीस हात लावला नाही. चाळिशीपुढील प्रत्येकाने, विशेषतः ज्याच्या घराण्यात हृदयविकार आहे त्याने, ही पायरी गाळू नये.

पोहणे मला येते अशी माझी समजूत होती. लहानपणी मामाच्या मळ्यातील विहिरीत, पाठीस सुका भोपळा बांधून, मी ते शिकलो होतो. जलतरण तलावावर गेल्यावर कळले की, डोके वर धरून हातपाय मारणे म्हणजे न बुडणे. त्याला पोहणे म्हणत नाहीत. पंचवीस मीटरांच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या होतात. माझ्या दोन फेऱ्यांतच छाती भरून आली. शिकविणाऱ्या सरांनी सांगितले की, दोष हातांत नसून श्वासात आहे. तोंड पाण्यात असताना श्वास हळूहळू सोडावयाचा, म्हणजे मान वळवताच नवा आपोआप आत येतो. मी तो कोंडून धरीत होतो. ही एक गोष्ट साधण्यास मला सहा आठवडे लागले. तीस फेऱ्या त्यानंतर दोन महिन्यांत झाल्या.

सायकल मुलाचीच वापरली. बेसा चौकातून घोगलीच्या बाजूस रहदारी जागी होण्यापूर्वी निघावयाचे आणि ऊन चढण्याच्या आत परतावयाचे, असा नेम ठेवला. धावण्याचा आरंभ तर चालण्यानेच केला. चार मिनिटे चालणे व एक मिनिट धावणे, पुढे तीन व दोन, असे करीत पाच किलोमीटर गाठले. अखेरच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा सायकलीवरून उतरताच लगेच धावण्याचा सराव केला. हा अनुभव चमत्कारिक असतो. तासभर चक्राकार फिरण्याची सवय लागलेल्या पायांस जमिनीवर उतरल्यावर आपली चाल आठवत नाही. ते दुसऱ्या कोणाचे तरी आहेत असे वाटते. पावले आखूड ठेवली की पाचदहा मिनिटांत ते पुन्हा आपले होतात. हे आधी अनुभवलेले नसेल तर शर्यतीत मनुष्य घाबरून थांबतो.

आमच्याकडील उन्हाविषयीही सांगितले पाहिजे. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीरास दहा ते चौदा दिवस लागतात. पण नवख्या प्रौढाने त्या दिवसांत हा प्रयोगच करू नये. आपल्याकडे या शर्यतीस हिवाळाच योग्य. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून दीर्घ सरावानंतर नुसते पाणी न पिता मीठ घातलेले लिंबूपाणी अथवा ताक घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचा विचार डॉक्टरांना विचारूनच करावा.

श्रोतेहो, आता जी गोष्ट सांगावयाची आहे तीसाठीच हे भाषण मी स्वीकारले. या खेळात धोका आहे, आणि तो आपण समजतो तेथे नाही. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन शर्यतींचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू अथवा हृदय बंद पडणे अशा १३५ घटना त्यात नोंदल्या आहेत. अशा व्यक्तींचे सरासरी वय सुमारे ४७ होते आणि शंभरात पंच्याऐंशी पुरुष होते. धावताना १५ जणांवर हा प्रसंग आला. पोहताना मात्र ९० जणांवर. एकूण प्रमाण लाखात दोघांहूनही कमी आहे, हे खरे. तथापि चाळिशीपुढील पुरुषांत ते वाढत जाते. म्हणजे ज्या वयात आपण या खेळाकडे वळतो तेच वय, आणि जो भाग सर्वांत आधी येतो तोच भाग, अधिक सांभाळण्याचा आहे.

हे सारे वाचूनही मी चुकलो. शर्यतीच्या दिवशी तलावाचे पाणी थंड होते. इशारा होताच शेदीडशे माणसे एकदम पाण्यात शिरली. मी कडेस थांबावयाचे ठरविले होते. पण तरुणांच्या लोंढ्याबरोबर, कोण जाणे कोणत्या अभिमानाने, मीही पुढे घुसलो. कोणाचा पाय तोंडावर आला, तोंडात पाणी गेले. तलावात तळ दिसतो, भिंत हाताशी असते. येथे खाली काळोख आणि समोर नुसते पाणी. शंभर मीटर गेलो नसेन तोच श्वास तुटू लागला, छाती आवळली, आणि पाच महिन्यांत शिकलेले सगळे विसरून मी विहिरीतल्या पोरासारखा डोके वर काढून हात मारू लागलो. घरी आमच्या मंडळींनी निघताना एवढेच म्हटले होते, “पुरी नाही झाली तरी चालेल, तुम्ही परत या.” ते शब्द त्या क्षणी आठवले.

जवळच एका लहान होडीत पहाऱ्यावर असलेला एक तरुण होता. तो शांतपणे म्हणाला, “काका, घाई करू नका. दोरी धरा. आधी श्वास सोडा.” मी दोरी धरली. या शर्यतीच्या नियमांत थांबलेल्या होडीस अथवा तरंगत्या खुणेस धरून विश्रांती घेणे मान्य आहे. तिच्या आधाराने पुढे सरकता मात्र येत नाही. दोनेक मिनिटे मी तसाच राहिलो, मग उताणा होऊन आकाशाकडे पाहत पडलो. छातीत दुखत नाही, डोके फिरत नाही, केवळ भीती आहे, अशी खात्री झाल्यावरच पालथा झालो. दुखले असते तर हात वर करून बाहेर निघण्यातच शहाणपण होते, आणि तसे करण्याची तयारी मी त्या दोरीशी केली होती. उरलेले अंतर शंभर शंभर हातांचे तुकडे मोजीत पुरे केले.

पुढचे लवकर सांगतो. काठावर सायकलींच्या रांगेत बायको उभी होती. तिने काही विचारले नाही, फक्त हात हलविला. हेल्मेटचा पट्टा बांधल्याखेरीज सायकलीस स्पर्श करावयाचा नाही, हा नियम पाळून मी निघालो. वीस किलोमीटर पंचावन्न मिनिटांत झाले. धावताना तिसऱ्या किलोमीटरपाशी चाललो, पुन्हा धावलो. पोहणे २७ मिनिटे, सायकल ५५, धाव ३७ व कपड्याबुटांत ८, असे एकंदर २ तास ७ मिनिटांत मी रेषा ओलांडली. माझ्यामागे थोडीच माणसे होती. त्यांत माझ्याहून वयाने मोठ्या एक बाई होत्या. त्या हसत आल्या.

तेव्हा शेजारच्या त्या वृद्ध गृहस्थांस माझे उत्तर असे आहे. तारुण्यात अंगी बळ भरपूर असते, म्हणून ते मोजावे लागत नाही. प्रौढपणी ते मोजके असते, आणि मोजके द्रव्य असलेल्या संसारी माणसाप्रमाणे ते पहिल्याच बाजारात उधळून चालत नाही. किती खर्चावे, कोठे थांबावे आणि मदतीचा हात केव्हा धरावा, हे मला या शर्यतीने शिकविले. पदक घरात कोठे ठेवले आहे ते मला आज सांगता येणार नाही. ती दोरी मात्र हातास अजून आठवते.

आपणांपैकी कोणास ही शर्यत करावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांची परवानगी, मग सहा महिन्यांचा सावकाश सराव, त्यात निदान चार वेळा जाणत्या सोबत्यासह उघड्या पाण्यातील पोहणे, आणि शर्यतीच्या दिवशी सर्वांच्या मागून पाण्यात शिरणे, एवढे चार नियम पाळावेत. मागे राहण्याची लाज वाटू देऊ नये. आपल्या वयात पोहोचणे महत्त्वाचे आहे. केव्हा पोहोचलो, हे घरच्यांखेरीज कोणी विचारीत नाही.