लवचीकता आणि शैथिल्य : नर्तकांच्या चिकित्सेतील एक भेद

दसऱ्यानंतर तमाशाचे फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांतून फिरत राहतात. वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर असल्याने या हंगामात एखादी नर्तकी कंबर धरून दवाखान्यात येणे, हे येथे वैद्यकी करणाऱ्या माझ्यासारख्यास नवे राहिलेले नाही. अलीकडे त्यांत दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धा पाहून ‘स्प्लिट’ आणि कमान शिकणाऱ्या शाळकरी मुलामुलींची भर पडली आहे. दोघांची मागणी बहुधा एकच असते : “डॉक्टरसाहेब, अंग आखडलंय, वळत नाही. चांगलं तेल द्या.” तेल देणे सोपे आहे. ते द्यावे किंवा नाही, हे ठरविणे तितके सोपे नाही.

स्नेहन-स्वेदनाने वाळलेले लाकूडही वाकविता येते, मग जिवंत शरीराचे काय सांगावे, हा चरकाचार्यांचा स्वेदाध्यायातील दृष्टान्त आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु लाकडास सांधा नसतो. सांध्यासाठी सुश्रुताचार्यांनी दुसरा दृष्टान्त दिला आहे, तो नौकेचा. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेल्या असतात म्हणूनच नौका भार वाहते. त्याचप्रमाणे स्नायूंनी संधी बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार सहन करतो. (येथे स्नायू म्हणजे बोलीतील मांसल स्नायू नव्हेत, बंधने होत.) नर्तकाच्या अंगात मांस व कंडरा यांना लांबी आणि मार्दव यावे, पण हे दोर सैल होऊ नयेत. पहिली अवस्था लवचीकता, दुसरी संधिशैथिल्य. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि नृत्यशिक्षक दोहोंना टाळ्याच देतात.

भेद ओळखण्यास आधुनिकांची बेटन परीक्षा फार उपयोगी आहे. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे जाते का, अंगठा हाताच्या पुढील भागास टेकतो का, कोपर व गुडघा दहा अंशांहून अधिक उलट वाकतो का, हे दोन्ही बाजूंस पाहावे; गुडघे न वाकविता तळहात जमिनीस टेकले तर आणखी एक गुण. एकूण गुण 9. प्रौढांत 5 किंवा अधिक, व वयात न आलेल्या मुलांत 6 किंवा अधिक गुण मिळाल्यास संधी मुळातच सैल आहेत असे समजावे. परीक्षेस दोन मिनिटेही लागत नाहीत.

दोन हंगामांपूर्वी आलेल्या एका तरुण नर्तकीस 8 गुण मिळाले. आपले अंग आखडले आहे असे ती म्हणत होती, आणि ते खोटे नव्हते. सैल सांध्यांना सावरण्यासाठी आजूबाजूचे मांस सतत ताणलेले राहते, तोच हा ‘आखडलेपणा’. अशा रुग्णास जोराचे मर्दन, पाठोपाठ स्वेदन आणि वर ताण दिल्यास दोन दिवस बरे वाटते, नंतर वेदना वाढून परत येते. तिला हलका अभ्यंग, बृंहण आहार आणि पोट, नितंब व मांड्यांचे बळ वाढविणारा व्यायाम सांगितला. ताणाचे व्यायाम थांबविले.

कमानीविषयी विशेष सावध असावे. वाढत्या वयात पाठ वारंवार मागे वाकविल्याने कमरेच्या खालच्या, बहुधा पाचव्या मणक्याच्या मागील भागास बारीक तडा जातो. एका पायावर उभे करून मागे वाकविले असता त्याच बाजूस दुखले तर नृत्य थांबवावे. प्रारंभी साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसेलच असे नाही. याच प्रदेशातील कुकुंदर मर्माच्या आघाताने अधःकायाची संवेदना व चेष्टा नष्ट होते, असे शास्त्र सांगते. मुलाच्या पाठीवर बसून वाक देणाऱ्या शिक्षकाला हे कोणीतरी सांगावयास हवे. ते काम गावच्या वैद्याचे आहे.

व्यायाम अर्धशक्तीने करावा आणि कपाळ, नाक व सांध्यांवर घाम आला की थांबावे, ही मर्यादा येथेही लागू पडते. हेमंत, शिशिर, वसंत हे व्यायामास अनुकूल ऋतू, आणि फडाचा हंगामही तोच. परंतु खेळ रात्री, उघड्यावर, थंडीत. जागरणाने रूक्षता वाढते आणि पायांत घुंगरांचे वजन. म्हणून रंगमंचावर जाण्यापूर्वी चालून, हातपाय हलवून अंग गरम करावे. एकच ताण मिनिटाहून अधिक धरल्यास मांसाचे बळ काही काळ उणावते; दीर्घ ताण खेळानंतर किंवा दिवसा द्यावेत.

विठाबाई नारायणगावकर (1935–2002) प्रयोग चालू असता पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा नाचण्यास उभ्या राहिल्या, ही कथा महाराष्ट्रभर अभिमानाने सांगितली जाते. वैद्याने ती ऐकताना सूतिकेचा विचार करावा. गर्भावस्थेत सैल झालेले संधी प्रसूतीनंतर लगेच पूर्ववत होत नाहीत. सूतिकेसाठी सांगितलेला दीड महिन्याचा काळ नर्तकीच्या बाबतीत तरी कमी करू नये. फडातील बाईला तो मिळतो किती, हा निराळा आणि कटू प्रश्न आहे.

औषधी दुकानदार बंधूंस दोन शब्द. महानारायण तेल मागणाऱ्या नर्तकास सूज आहे का, मुंग्या येतात का, रात्री झोपमोड होते का, एवढे अवश्य विचारावे. ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस मर्दन व शेक नको. घटकांची नोंद नसलेली ‘सांधेदुखीची पुडी’ दुकानात ठेवूच नये. वेदना दाबून नाचल्यास इजा वाढते. तेल खेळाच्या बऱ्याच आधी लावून पुसून काढावे, तळव्यांस तर मुळीच लावू नये. पाय घसरून आलेले रुग्णही मी पाहिले आहेत.

वर सांगितलेल्या नर्तकीस फडमालकाने सहा आठवडे वगातील बोलक्या भूमिकेवर ठेवले. पुढल्या माघात ती पुन्हा लावणीस उभी राहिली. कमान मात्र तिने सोडून दिली आहे.