कानातली शिट्टी

हार्बर लाइनवर गोवंडी गेलं की मानखुर्द. दोन्ही एकाच एम-पूर्व वॉर्डातली, आणि टीबी इथं कुणालाच नवा नाही. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या टीबीवर पूर्वी कानामायसिनचं इंजेक्शन द्यायचे, सहा-सहा महिने, जवळजवळ रोज.

आता कानाच्या आत डोकावू. तिथं गोगलगाईच्या शंखासारखं एक वेटोळं असतं आणि त्यात बारीक केसांच्या पेशी. आवाजाची लाट आली की ते केस डुलतात आणि मेंदूला सूर कळतो. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानामायसिन आधी उंच सुरांच्या पेशी मारतं, म्हणून 'स' आणि 'श' पुसट होतात. समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. आणि पुष्कळदा त्याच्याही आधी कानात एक शिट्टी सुरू होते. ती कुठल्याच यंत्राला ऐकू येत नाही. जगात ती एकालाच ऐकू येते, पेशंटला!

म्हणजे धोक्याची पहिली खूण पेशंटच्या सांगण्यातच असते. मग पेशंटचं म्हणणं निर्णयात धरलं, तर फरक किती पडतो? तो काही अंशी मोजताही येतो.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि केपटाऊनच्या फुमेझा तिसिले, दोघींचे कान टीबीच्या औषधांनी गेले. अशाच टीबीवरची बेडाक्विलिन ही गोळी मात्र कानाला धक्का लावत नाही. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिला पुढं आणलं आणि कानामायसिनला मागं सारलं. पण गोळी महाग. तिचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं, आणि तिच्या क्षाररूपावर वेगळं पेटंट मिळवून ती बनवणाऱ्या कंपनीला मक्तेदारी डिसेंबर 2027 पर्यंत हवी होती. 2019 मध्ये या दोघींनी भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. 23 मार्च 2023 रोजी कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

आता मोजा. मक्तेदारीची सुमारे साडेचार वर्षं वाचली. जागतिक खरेदीत एका पेशंटच्या पूर्ण कोर्सची किंमत 289 डॉलर होती, ती ऑगस्ट 2023 मध्ये 130 डॉलरवर आली. लुपिन कंपनीचं जेनेरिकही 194 डॉलरला त्याच खरेदीच्या यादीत आलं. सगळं श्रेय दोघींचं नाही. जगभरातून दबाव होता, इतरांच्याही हरकती होत्या. कुणाच्या वाट्याचे किती डॉलर, हे वेगळं काढता येत नाही. पण ज्यांचे कान गेले त्यांची हरकत सरकारी दफ्तरात नोंदली गेली आणि ती टिकली, हे मला फार मोठं वाटतं.

नव्या गोळ्याही निर्धोक नाहीत. त्यांतल्या लिनेझोलिडनं पायांना मुंग्या येऊ शकतात, नजर अंधुक होऊ शकते. तुमच्या घरात कुणाचा उपचार चालू असेल आणि मुंग्या आल्या, अंधुक दिसलं किंवा कानात शिट्टी वाजली, तर औषध आपल्या मनानं बंद करू नका आणि पुढच्या तारखेची वाटही पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.