डेटा रेस शोधणारे साधन नव्या प्रोसेसरवर नेताना

एकाच खातेवहीत दोन कारकून एकाच वेळी नोंद करू लागले तर काय होईल? शिल्लक 500 रुपये आहे. दोघेही ती वाचतात. एक 100 मिळवून 600 लिहितो, दुसरा त्यावरच 200 मिळवून 700 लिहितो. हवेत 800, राहतात 700. आणि चूक कोठे झाली हे वहीवरून कळत नाही. प्रोग्राममधील दोन थ्रेड परस्परांतील क्रम न ठरवता एकाच स्मृतिस्थानाला हात लावतात आणि त्यांपैकी किमान एक तेथे लिहितो, तेव्हा त्यास 'डेटा रेस' म्हणतात. हा दोष रोज दिसत नाही, हाच त्याचा धोका. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली. त्यामागील कारणांत याच जातीचे दोष होते.

असे दोष शोधण्यासाठी गूगलमध्ये 'थ्रेडसॅनिटायझर' हे साधन तयार झाले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपाइलर स्मृतीच्या वाचन-लेखनापाशी तपासणी घालतो. दर 8 बाइट स्मृतीमागे एक 'छाया-स्मृती' असते. तेथे अलीकडे कोणत्या थ्रेडने केव्हा हात लावला, याच्या सामान्यतः चार नोंदी राहतात.

हे साधन नव्या प्रोसेसरवर नेणे म्हणजे केवळ पुन्हा कंपाइल करणे नव्हे. छायेचा पत्ता मूळ पत्त्यावरून गणिताने काढला जातो. इंटेल-वर्गीय 64 बिट लिनक्सवर प्रोग्रामला सामान्यतः 47 बिटांचे पत्ते मिळतात. एआरएमवर कर्नलच्या मांडणीनुसार ते 39, 42 किंवा 48 बिटांचे असू शकतात. म्हणून स्मृतीचा नकाशाच नव्याने आखावा लागतो. 'सेटजंप'सारखी कार्ये अडवणारा भाग त्या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत लिहावा लागतो. गो भाषेत हा शोधक 2013 साली आला. लिनक्सवरील 64 बिट एआरएमसाठी तो 2019 साली उपलब्ध झाला.

हे कष्ट कशासाठी? इंटेल-वर्गीय प्रोसेसर लेखनांचा क्रम बराचसा जपतात. एआरएम तेवढी हमी देत नाही. त्यामुळे एका यंत्रावर वर्षानुवर्षे झाकून राहिलेला दोष दुसऱ्यावर उघडा पडू शकतो.

विद्यार्थ्यांना मात्र एक मर्यादा आवर्जून सांगावी. प्रोग्रामचा जो भाग प्रत्यक्ष चालला, त्याचीच तपासणी होते. अहवाल कोरा आला म्हणून प्रोग्राम निर्दोष ठरत नाही.